पुढच्या सीटवरचा देव्हारा

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ही गोष्ट निघाली की प्रत्येक जण ती दुसऱ्या कशावर तरी ढकलतो. बायको करोनावर ढकलते, आई ग्रहमानावर, आणि मासळीच्या खोक्यांवर तर दोघीही. मी मात्र त्या दिवशी तिथे होतो, चांगला शुद्धीवर होतो, आणि देव्हारा माझ्याच हातात होता.

आम्ही तेव्हा काटवाइकला राहायचो. लायडनहून बसनं अर्धा तास, समुद्राला लागून असलेलं गाव. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडक्यांच्या काचांवर कायम मिठाचा पातळ थर. आई जानेवारीत पुण्याहून आली ती बायकोच्या बाळंतपणासाठी. तीन महिने राहायचं आणि एप्रिलमध्ये परत जायचं, असा बेत होता. बाबा आले नाहीत. त्यांचा गुडघा, इथली थंडी, त्यांची पेन्शनची कामं. "जा गं तू, मी काय कुकुलं बाळ आहे?" असं म्हणून त्यांनीच तिला धाडलं. सोबतीला आणि स्वयंपाकाला दिवसभराचा एक माणूस ठेवला होता. चारचौघांत आईबद्दल बोलताना 'आमची मंडळी' म्हणायची बाबांची जुनी सवय. दूधवाला असो की बँकेतला कारकून, "आमची मंडळी लेकाकडे गेलीय, परदेशात" हे ते येईल त्याला ऐकवतात, असं खालच्या मजल्यावरच्या काकू हसून सांगायच्या. घरात मात्र नुसतं 'अगं'. पंचेचाळीस वर्षं तिला त्यांनी दुसरी कसली हाक मारली नव्हती.

फेब्रुवारीत आम्हाला मुलगी झाली आणि मार्चमध्ये सगळं बंद पडलं. विमानं बंद, एप्रिलचं तिकीट रद्द, पुण्यात टाळेबंदी. दिवसभराचा माणूस गावी निघून गेला तो गेलाच. काकू दाराशी डबा ठेवायच्या, बेल वाजवायच्या आणि मागं सरायच्या. बाबा एकटे.

आई रोज दुपारी त्यांना फोन लावायची. पहिल्यांदा जाणवलं ते एप्रिलमध्ये. "कधी येतेस?" हे त्यांनी एकाच फोनमध्ये तीनदा विचारलं. आई म्हणाली, करमत नाही त्यांना, दुसरं काय. मग मे महिन्यात एकदा व्हिडिओवर आई समोर बसलेली असताना त्यांनी मला विचारलं, "अरे, आई कुठंय तुझी?" मी म्हटलं, बाबा, ही काय, माझ्या शेजारी. ते हसले, चष्मा पुसला, प्रकाश पडतोय म्हणाले.  फोन ठेवल्यावर आई उठून खिडकीशी गेली आणि बराच वेळ काचेवरचं मीठ नखानं खरवडत राहिली.

मी त्यांच्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी फार घोळवलं नाही. गोळ्या लिहून देतो, पण अशा वेळी खरं औषध म्हणजे रोजचं माणूस डोळ्यांसमोर असणं, असं म्हणाले. आईंना जितक्या लवकर पाठवता येईल तितकं बरं. ओळख एकदा सुटली की परत जुळेलच असं सांगता येत नाही.

आता बोला. सात हजार किलोमीटर लांब बसून मी काय करणार होतो? भारतात माणसं परत नेणारी खास विमानं सुटायला लागली होती, त्यांच्या यादीत आईचं नाव घातलं. दिवसातून दहा वेळा मेल उघडून बघायचो. यादी लांबलचक, जागा मोजक्या. कधी बोलावतील ते सांगता येत नाही, पण बोलावतील तेव्हा काही तासांत निघावं लागेल, एवढंच कळलं होतं. आईनं बॅग भरून दारापाशी उभी केली. जूनपर्यंत ती तशीच उभी होती. आमच्या केरसुणीला तिच्याभोवती वळसा घालायची सवय झाली.

आणि पासपोर्ट? बॅगेत असायला हवा होता, नाही का? पण आमच्याकडे महत्त्वाचा कागद देवापाशी असतो. माझी दहावीची गुणपत्रिका, माझा पहिला व्हिसा, बायकोचं परमिट, सगळं आधी देवापुढे आणि मग देव्हाऱ्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, वाती आणि कापराच्या डबीशेजारी. हा सागवानी देव्हारा आम्ही लग्नानंतर पुण्याहून मागवला होता. आईनं तिचा पासपोर्ट त्या ड्रॉवरमध्ये ठेवला, त्याच्या निळ्या कव्हरवर कुंकवाचं बोट टेकवलं आणि रोज सकाळी पूजा झाली की ड्रॉवरलाही नमस्कार करायला लागली. मला ते ठाऊक होतं. मी रोज बघत होतो.

त्यातच घरमालकानं फ्लॅट विकायला काढला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. कापेल आन डेन आयसेलला, माझ्या ऑफिसच्या जवळ, तळमजल्याचं एक घर मिळालं. ऑफिस बंदच होतं म्हणा, पण घर मिळालं हेच खूप. आमच्याकडे गाडी नव्हती. दोन सायकली होत्या. सामान हलवायला गावातल्याच एका म्हाताऱ्याची व्हॅन ठरवली. साठीच्या पुढचा माणूस, एकट्याचा धंदा. घरं हलवायचा, फर्निचर पोचवायचा, बंदरावरून धुरावलेल्या मासळीची खोकी गावोगावी नेऊन द्यायचा. मी त्याला रविवारचं विचारलं, म्हणजे मला रजा पडली नसती. त्यानं मान हलवली. रविवारी तो चर्चला जातो, गाडी हलत नाही. काटवाइकमध्ये रविवारी कोणी कामाला हात लावत नाही. आईला मी हे सांगितल्यावर तिचं त्याच्याबद्दल मत एकदम चांगलं झालं. मग शुक्रवार ठरला. देवीचा वार, उत्तम, असं ती म्हणाली. तिच्या तोंडी तो शेवटपर्यंत 'टेंपोवाले'च राहिला.

टेंपोवाल्यानं त्याच्या अटी आदल्या दिवशीच सांगितल्या. एक, दीड मीटरचा नियम असल्यामुळे पुढे त्याच्या शेजारी कोणी बसायचं नाही. दोन, गाडी चालवताना तो फोनला हात लावत नाही, म्हणून वाटेत फोन करू नका. तीन, आमच्या सामानाबरोबर मासळीची चार खोकी आहेत, ती वाटेत डेल्फ्टला उतरवायची. मी सगळ्याला हो म्हटलं. कोणाला काय फरक पडतो, असं वाटलं मला.

शुक्रवारी सकाळी बायको बाळाला घेऊन पहिल्या बसनं पुढे गेली, नव्या घराची किल्ली घ्यायला. आठ वाजता टेंपोवाला आला आणि त्यानं खिडकीला यांत्रिक शिडी लावली. इथले जिने इतके अरुंद की कपाट काय, खुर्चीसुद्धा धड उतरत नाही; सगळा संसार खिडकीतून खाली जातो. मी देव्हारा उचलून शिडीवर ठेवायला निघालो, तर आई आडवी आली.

देव खिडकीतून टाकायचे नसतात, दारातून न्यायचे असतात, असं तिनं ठामपणे सांगितलं. बरं बाई, दारातून. पुढे म्हणाली, देव मी मांडीवर घेऊन येते. पुण्यात दोनदा घर बदललं, दोन्ही वेळा देव माझ्या मांडीवर होते, रिक्षात. टेंपोत देव घातले नाहीत कधी.

आणि इथे माझं डोकं फिरलं. रात्रभर खोकी बांधली होती, कंबर मोडली होती, बाळ रात्रभर रडलं होतं. मी म्हणालो, आई, ही काय रिक्षा आहे का? बस, मग ट्रेन, मग मेट्रो. सगळ्यांनी तोंडाला मास्क लावलेले, कोणी कोणाच्या जवळ बसत नाही, आणि तू मांडीवर देव्हारा घेऊन बसणार? लोक काय म्हणतील? हे शेवटचं वाक्य मी खरंच बोललो. इथे सात वर्षं काढलेला, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला मी, लोक काय म्हणतील म्हणालो.

 आईनं वाद घातला नाही.  मूर्ती तिनं आपल्या मऊ सुती साडीत गुंडाळून देव्हाऱ्यात बसवल्या. मग हळूच म्हणाली, ठीक आहे, पण निदान देव सगळ्यांच्या आधी चढू देत. आणि त्या मासळीपासून लांब ठेव. मासे ती आवडीनं खाते, पण देवाशेजारी नकोत.

मासळीची खोकी वाटेत उतरायची म्हणून दारापाशी राहणार होती. म्हणजे मासळीपासून लांब ठेवायचं तर गाडीचं पार आतलं टोक. मी तीन जिने देव्हारा छातीशी धरून उतरलो आणि व्हॅनमध्ये सर्वांत आधी, सर्वांत आत, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्याला टेकवून ठेवला. ठेवताना ड्रॉवर थोडा पुढे आला होता, तो मी हाताच्या पंजानं आत ढकलला. कुंकवाचं लाल बोट दिसलं मला. दिसलं! पण त्या क्षणी माझ्या डोक्यात वॉशिंग मशीन होतं.

त्यानंतर टेंपोवाल्यानं गाडी भरली. माणूस कसबी. फ्रिज, मशीन, कपाट, पलंगाच्या फळ्या, गाद्या, पुस्तकांची खोकी, एकावर एक, छतापर्यंत, बोट घालायला जागा नाही. पट्टे आवळले, मासळी दाराशी ठेवली आणि पावणेअकराला तो निघून गेला. आई आणि मी रिकामा फ्लॅट झाडायला मागं राहिलो.

अकरा वीसला फोन वाजला. वकिलातीतून होता. आजच्या विमानात एक जागा रिकामी झाली आहे, दोन वाजेपर्यंत स्किपोल विमानतळावर हजर राहता येईल का? मूळ पासपोर्ट लागेल. दोननंतर जागा पुढच्याला देऊ.

मी हो म्हणालो. ओरडूनच म्हणालो बहुतेक. आई केरसुणी हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितल्यावर ती खाली बसली, तिथेच, उघड्या फरशीवर. आणि मी लगेच, तिच्यासमोरच, बाबांना फोन लावला. म्हटलं, बाबा, आई येतेय! आज बसतेय विमानात, उद्या पोचेल. "उद्या?" बाबा म्हणाले. "उद्या येतेय ती?" त्यांचा आवाज इतका लख्ख होता, की दोन महिन्यांत तसा ऐकला नव्हता. हो बाबा, उद्या, असं मी दोनदा बोललो. मुंबईत उतरल्यावर आधी सात दिवस हॉटेलात बंद राहावं लागतं, हे त्या आनंदात मला आठवलंच नाही.

फोन ठेवला आणि आईनं विचारलं, "पासपोर्ट?"

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. बॅग दाराशी उभी होती, आई उभी होती, विमानात जागा होती, आणि पासपोर्ट डेल्फ्टच्या रस्त्यावर कुठेतरी, आमच्या अख्ख्या संसाराच्या मागं, देवाच्या पायाशी. मी टेंपोवाल्याला फोन लावला. अकरा वेळा लावला. तो माणूस दिल्या शब्दाचा पक्का. गाडी चालवताना फोनला हात लावत नाही म्हणाला होता आणि त्यानं लावला नाही. बायकोला कळवलं, गाडी आली की आधी देव्हारा काढ, बाकी सगळं गेलं चुलीत. आईला आणि बॅगेला घेऊन मी लायडनची बस पकडली. बसमध्ये आई खिडकीशी बसली होती, दोन्ही हात रिकाम्या मांडीवर ठेवून. मी त्या हातांकडे बघायचं टाळलं.

टेंपोवाला सव्वाबाराला कापेलला पोचला. बायको कोपऱ्यावरच उभी होती. तिनं सांगितलं तसा तो आधी गाडीकडे आणि मग घड्याळाकडे बघून पट्टे सोडायला लागला. आतलं काढायचं म्हणजे बाहेरचं सगळं काढायचं. हात लावणारा तो एकटा आणि बाळंतपणाला चार महिने झालेली माझी बायको. बाळाला तिनं रिकाम्या खोलीत दुपट्यावर ठेवलं होतं, ते आत टाहो फोडत होतं आणि ही बाहेर फ्रिजचं एक टोक धरून उभी. शेजारची माणसं दारात आली, दीड मीटरवर थांबली, आणि मदत करायची की नाही हे न कळून तशीच उभी राहिली. गाद्या फुटपाथवर, कपाट फुटपाथवर, मशीन फुटपाथवर. त्यानं इतकं चोख भरलं होतं की सोडवायला तासभर गेला. हे सगळं बायको मला फोनवर तुटक सांगत होती आणि मी विमानतळाच्या दारात उभा राहून 'लवकर, लवकर' याखेरीज काही बोलू शकत नव्हतो. सव्वाला देव्हारा हाती लागला. टेंपोवाला म्हणाला, मी नेतो. त्याचं पुढचं काम होतं, त्या गिऱ्हाइकाला फोन करून त्यानं ते रद्द केलं.

आम्ही पाऊणलाच पोचलो होतो. आत फक्त प्रवाशांना सोडत होते. दाराशी मास्क आणि वर प्लॅस्टिकची काच लावलेली एक मुलगी यादी घेऊन उभी होती, आपल्याकडचीच, हिंदी बोलणारी. पासपोर्टशिवाय ती आईला आत घेईना. दोनपर्यंत थांबते, म्हणाली. बाजूला आणखी एक मुलगी उभी होती, ग्रोनिंगनला शिकणारी, पाठीवर बॅग आणि हातात उशी. हॉस्टेल बंद होत आलं होतं, यादीत तिचा नंबर आमच्या मागचा होता, आणि कोणी आलं नाही तर आपल्याला मिळेल या आशेवर ती पहाटेपासून दाराशी होती. आईनं तिला विचारलं, जेवलीस का? मग बॅग उघडून प्रवासासाठी बांधलेले मेथीचे ठेपले तिला दिले. पोरीनं मास्क खाली करून ते तिथेच उभ्याउभ्या खाल्ले.

एक पन्नास. बायकोचा मेसेज, गाडी निघून अर्धा तास झाला. मी त्या यादीवाल्या मुलीला मोबाइलवर पासपोर्टचा फोटो दाखवला. ती म्हणाली, फोटो चालणार नाही. मी म्हटलं, पंधरा मिनिटं. ती म्हणाली, दोन वाजेपर्यंत. मी वाट्टेल ते बोललो तिला. माझ्या वडिलांचं असं असं आहे, तुम्हाला आई-बाप आहेत की नाहीत, इथपर्यंत गेलो. ती बिचारी मास्कच्या आतून 'सर, सर' म्हणत राहिली. आईनं माझी बाही ओढली. तिच्यावर कशाला ओरडतोस, एवढंच म्हणाली.

दोन वाजून पाच मिनिटांनी यादीवालीनं ग्रोनिंगनच्या मुलीचं नाव घेतलं. खरं तर पाच मिनिटं जास्तच दिली होती आम्हाला. ती पोर हलेना. आईकडे बघत राहिली. हातात अजून ठेपल्याचा कागद होता. आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, त्या दिवसांत कोणी कोणाला शिवत नव्हतं तरी फिरवला, आणि म्हणाली, "जा बाळ. तुझी आई वाट बघत असेल." ती गेली. काचेच्या दारातून आत जाताना एकदा वळली.

दोन वीसला पांढरी व्हॅन आली. टेंपोवाला उतरला, त्याचा शर्ट घामानं ओला झालेला. कुठल्या ड्रॉवरमध्ये काय आहे ते त्याला नीट कळलं नव्हतं, बायको टाहो फोडणाऱ्या बाळाकडे आत धावली होती, म्हणून त्यानं आख्खा देव्हाराच आणला होता. जिथे माणसाला बसायला मनाई होती त्या पुढच्या सीटवर तो ठेवला होता आणि त्याला सीटबेल्ट लावला होता. आईची साडी पट्ट्याखाली नीट सारखी केलेली. मी ड्रॉवर उघडून पासपोर्ट बाहेर काढला. काही उपयोग नव्हता, तरी काढला. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. त्यानं टोपी काढली आणि आमच्यापासून दीड मीटरवर, खाली बघत, थोडा वेळ उभा राहिला.

मग त्यानं आपणहून दोन्ही खिडक्या खाली केल्या, पट्टा सोडवला, आणि आईला हातानं बस म्हणून खूण केली. नियम त्याचाच होता, त्यानंच मोडला. आई वर चढून बसली आणि देव्हारा तिनं मांडीवर घेतला. पहिल्यांदा मागितलं होतं तसा. मी ट्रेननं गेलो. मला त्या गाडीत जागा नव्हती, आणि असती तरी मी बसलो नसतो.

संध्याकाळी तिनं नव्या घरात दूध उतू घातलं, देव मांडले. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्या पायावर डोकं ठेवून रडावं असं मला वाटत होतं, आणि मी पलंगाचे स्क्रू पिळत बसलो.

बाबांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगणार होतो. पुण्याची सकाळ इथल्या आधी होते, हे मी कसं विसरलो? मी फोन केला तोवर काकूंचा फोन आला होता. बाबांनी पहाटे उठून दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीवर जाऊन बसले होते. टाळेबंदीतला रस्ता, चिटपाखरू नाही. वॉचमन वर चला म्हणाला तर त्याला म्हणाले, आमची मंडळी यायचीय आज. दुपारी दोनला त्यांना दोघांनी धरून वर नेलं. आईनं फोनवर समजावलं, अहो, नाही जमलं, पुढच्या विमानानं येते. ते म्हणाले, बरं, बरं, उद्या ये.

ते 'उद्या' त्यांच्या डोक्यात रुतून बसलं. मीच रोवलेलं. त्यानंतर रोज सकाळी दाढी, रोज इस्त्रीचा शर्ट. काकूंनी फाटकाला कुलूप लावायला सांगितलं तेव्हा ते गॅलरीत बसायला लागले. जुलैच्या मध्यापर्यंत दाढी थांबली. फोनवर आईशी बोलणं कमी झालं. ते फोनकडे नुसते बघायचे आणि मग तो काकूंच्या हातात द्यायचे. मी रोज मेल उघडत होतो. मेल येत नव्हती. आता पासपोर्ट माझ्या खिशात असायचा, झोपतानासुद्धा उशीखाली, आणि त्याचा तेव्हा शष्प उपयोग नव्हता. वरातीमागून घोडं.

सात आठवड्यांनी जागा मिळाली. आई निघाली तेव्हा देव्हाऱ्याला नमस्कार करून पासपोर्ट तिनं स्वतःच्या पर्समध्ये घातला आणि पर्स काखेत आवळून धरली. मुंबईत उतरल्यावर सात दिवस हॉटेलच्या खोलीत बंद, मग टॅक्सीनं पुणे. ऑगस्टमधली दुपार होती. काकूंनी मोबाइल धरला होता, म्हणजे मला आणि बायकोला दिसावं.

बाबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. आई दारातून आत आली. हातपाय धुऊन आली होती, तोंडावर मास्क होता. बाबांनी वर पाहिलं. आईला वाटलं मास्कमुळे, म्हणून तिनं तो काढला, आणि त्यांच्यासमोर, अगदी उजेडात उभी राहिली. "अहो, मी आले," म्हणाली.

बाबा खुर्चीतून अर्धवट उठले, बाहेरच्या बाईसमोर उठतात तसे. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"या, बसा," ते म्हणाले. "तुम्ही कामासाठी आलात ना? बरं केलंत. आमची मंडळी लेकाकडे गेलीय, परदेशात. उद्या यायचीय. ती येईपर्यंत थांबाल का?"

 माझी बायको उठून आत गेली. आईनं पाठमोरं होऊन पर्स खुंटीला अडकवली, पदर खोचला, आणि मग त्यांच्याकडे वळली.

"थांबते," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.